घरच्या घरी मोहितो: पुदिना, लिंबू आणि रम यांचा मेळ कसा साधावा?

चैत्रपालवी:

नमस्कार. उन्हाळ्यात संध्याकाळी घेण्याजोगे रमचे जे काही प्रकार मी चाखले आहेत, त्यांत मोहितो मला सर्वांत जास्त आवडतो; परंतु बाहेर मिळणाऱ्या मोहितोने अनेकदा निराशाच केली आहे. अलीकडेच एका उपाहारगृहात समोर आलेल्या पेल्यात पुदिन्याचा हिरवा चोथा तरंगत होता, सोड्याऐवजी लिंबाच्या चवीचे बाटलीबंद गोड शीतपेय ओतलेले होते आणि त्या गोडव्याखाली रम, लिंबू व पुदिना या तिघांचीही चव पार दबून गेली होती. एवढे पैसे मोजून असे पेय पिण्यापेक्षा ते घरीच नीट शिकून करावे, असे मी आणि माझ्या यजमानांनी ठरवले आहे.

त्यासाठी जाणकारांकडून काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. मोठ्या दुकानांत बिनबियांची, जाड सालीची हिरवीगार परदेशी लिंबे मिळतात. मोहितोसाठी तीच आणावी लागतात, की मंडईतली कागदी लिंबे चालतात? चटणीसाठी आपण जो पुदिना आणतो तोच यात वापरायचा का, आणि तो किती चेचायचा? पांढरी रम आवश्यकच आहे की घरात असलेल्या ओल्ड मंकवर भागेल? आमच्याकडे बारमधली खास उपकरणे नाहीत, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी हे साधणार असेल तर तेही कृपया सांगावे. पेय कडवट न होता त्याला पुदिन्याचा भरपूर सुगंध यावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

निवडुंग:

चैत्रपालवी, आपण लिंबाचा प्रश्न सर्वांत आधी विचारलात हे फार चांगले केलेत, कारण या बाबतीत आपल्याइतके सुदैवी फार थोडे लोक असतील. मोहितो मूळचा क्यूबाचा, आणि तिथे त्यासाठी जे लहान, पातळ सालीचे, बियांनी भरलेले, अतिशय आंबट आणि तितकेच सुवासिक लिंबू वापरतात, ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने सिट्रस ऑरँटिफोलिया, म्हणजेच आपले कागदी लिंबू आहे. हे झाड मूळचे आशियातले. अरब लोकांनी ते भूमध्य समुद्राच्या परिसरात नेले आणि तिथून स्पॅनिश लोकांबरोबर ते कॅरिबियन बेटांवर पोहोचले. आपण ज्यांचा उल्लेख केला आहे ती बिनबियांची मोठी लिंबे निराळ्या जातीची असतात. त्यांत रस पुष्कळ असतो, पण सालीतल्या तेलाचा वास कागदी लिंबाइतका तीव्र नसतो. म्हणून त्यांच्यासाठी जास्तीचे पैसे मुळीच खर्च करू नयेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या साई सरबती वाणाची लिंबे मिळाली तर अवश्य घ्यावीत. नाहीच मिळाली, तर पातळ सालीची, हातात जड लागणारी आणि हिरव्यावरून पिवळ्याकडे झुकू लागलेली लिंबे निवडावीत.

लिंबू कापण्यापूर्वी ते ओट्यावर तळहाताखाली दाबून फिरवावे आणि रस गाळणीतून थेट मापात घ्यावा. शेवटच्या थेंबासाठी साल पिरगाळण्याचा मोह मात्र टाळावा. सालीच्या आतला पांढरा भाग आणि चिरडलेल्या बिया यांतून उतरणारा कडवटपणा सोड्यात अधिकच जाणवतो, आणि पुष्कळदा या कडवटपणाचे खापर विनाकारण पुदिन्यावर फोडले जाते. रस आदल्या दिवशी काढून ठेवू नये. काही तासांतच त्याचा ताजेपणा ओसरू लागतो.

आता पुदिना. पानाच्या पृष्ठभागावर अगदी सूक्ष्म ग्रंथी असतात आणि सुगंधी तेल त्या ग्रंथींमध्येच साठलेले असते. म्हणजे आपल्याला हवा असलेला सुगंध पानाच्या पोटात दडलेला नसून वरवरच असतो, आणि तो मोकळा करण्यासाठी हलका दाब पुरेसा असतो. पान फाटून त्याचा लगदा झाला की पेशींमधला हिरवा, तुरट, गवतासारखा वास असलेला रस बाहेर पडतो, पाने काळपट पडू लागतात आणि चोथा नळीत अडकतो तो वेगळाच. चटणी वाटताना आपल्याला नेमका हाच रस हवा असतो. मोहितोत तो अजिबात नको असतो. बाहेरच्या पेल्यात आपल्याला जो चोथा दिसला, त्याचे कारण एवढेच की घाईच्या वेळी पुदिना दाबण्याऐवजी कुटला जातो.

मंडईत पुदिन्याची जुडी घेताना एक पान बोटांत चोळून अवश्य पाहावे. वास गोडसर आणि मोकळा असेल, तर तो पुदिना मोहितोला उत्तम. वास डोकेदुखीच्या मलमासारखा नाकात झोंबणारा असेल, तर त्या पुदिन्यात मेंथॉल जास्त आहे असे समजावे. असा पुदिना अगदी थोडा घालावा किंवा दुसऱ्या गाड्यावरची जुडी पाहावी. घरी आणल्यावर माती जाईपर्यंत जुडी दोन-तीन पाण्यांतून काढावी, देठांची टोके कापून ती पेल्यातल्या पाण्यात उभी करावी आणि वरून सैल पिशवी घालून फ्रीजमध्ये ठेवावी. पाने मरगळली असतील तर बर्फाच्या पाण्यात काही मिनिटे ठेवल्यावर ती पुन्हा ताठ होतात.

प्रमाणाविषयी सांगायचे तर इंटरनॅशनल बारटेंडर्स असोसिएशनच्या अधिकृत कृतीत 45 मिली पांढरी रम, 20 मिली ताजा लिंबाचा रस, चहाचे 2 चमचे साखर, पुदिन्याच्या 6 डहाळ्या आणि सोडा असे प्रमाण दिलेले आहे, आणि माझ्या मते पहिल्या पेल्यासाठी ते जसेच्या तसे पाळावे. आपली कागदी लिंबे फार आंबट निघाली तर साखर अर्धा चमचा वाढवावी. मापासाठी पेगचे माप नसेल, तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर येणारी मिलीच्या रेघा असलेली टोपी स्वच्छ धुऊन वापरता येते.

क्रम मात्र महत्त्वाचा आहे. उंच, जाड बुडाच्या पेल्यात आधी साखर आणि लिंबाचा रस घालून साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे. थंड सोड्यात किंवा रममध्ये साखर नीट विरघळत नाही, ती तळाशी बसते, आणि मग वरचा अर्धा पेला आंबट व खालचा अर्धा गोड लागतो. साखर विरघळल्यावर पुदिन्याची पाने घालावीत, लाटण्याचे टोक त्यांवर अलगद टेकवावे आणि किंचित फिरवत चार-पाच वेळा दाबावे. पाने अखंडच राहायला हवीत. त्यांचा रंग जागोजागी गडद झाला आणि पेल्याच्या तोंडाशी पुदिन्याचा वास दरवळू लागला की थांबावे. मी देठ काढून टाकतो, कारण जाड देठात तुरटपणा असतो. त्यानंतर रम, मग पेला भरून बर्फ आणि शेवटी अगदी थंड सोडा घालावा. लांब दांड्याचा चमचा तळापर्यंत नेऊन एक-दोनदाच खालून वर उचलावा, म्हणजे पाने सर्वत्र पसरतात आणि बुडबुडेही टिकतात. वर लावायचा पुदिन्याचा शेंडा दोन तळहातांमध्ये एकदा टाळी वाजवल्यासारखा दाबून नळीच्या अगदी जवळ खोचावा. घोट घेताना नाक त्या शेंड्यापाशीच येते आणि निम्मा मोहितो तर आपण नाकानेच पीत असतो.

मांडवीकाठ:

निवडुंग यांनी लिंबू आणि पुदिन्याविषयी इतके नेमके लिहिले आहे की त्यात मी काही भर घालत नाही. मी केवळ रमविषयी लिहितो.

पांढऱ्या रमचा आग्रह का, हे क्यूबातील रम कशी बदलत गेली ते पाहिले की लक्षात येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कॅरिबियन बेटांवरची रम बहुतांशी जड आणि उग्र असे. फाकुंदो बाकार्डी मासो यांनी 1862 मध्ये सांतियागो दे क्युबा येथे आपला कारखाना सुरू केला आणि कोळशातून गाळलेली, हलक्या चवीची रम बाजारात आणली. लिंबू आणि पुदिना यांचे सूर ऐकू येतील अशी जागा या हलक्या रमने करून दिली. पुढे 1930 च्या दशकात हवानातील स्लॉपी जोज या प्रसिद्ध बारच्या पुस्तिकेत मोहितोची कृती छापली गेली, तोवर ही जोडी चांगलीच रुळली होती. क्यूबात क्रांती झाल्यानंतर 1960 मध्ये बाकार्डी कुटुंबाची मालमत्ता सरकारने ताब्यात घेतली आणि कंपनीचे तेथील उत्पादन थांबले. त्यामुळे आज आपल्याकडे मिळणारी बाकार्डी क्यूबाची नसते. तरीही मोहितोसाठी ती सहज मिळणारी आणि पूर्णपणे योग्य रम आहे.

ओल्ड मंकविषयी माझ्या मनात अत्यंत आदर आहे. 1954 पासून बाजारात असलेली, लाकडी पिंपांत मुरवलेली आणि व्हॅनिला व जळक्या साखरेची आठवण करून देणारी ही रम नुसती बर्फावर किंवा हिवाळ्यात गरम पाण्याबरोबर घ्यावी, इतकी ती स्वयंपूर्ण आहे. परंतु हाच भरदारपणा पुदिन्यावर मात करतो. घरात तीच असेल तर ती 30 मिलीच घ्यावी, लिंबाचा रस 25 मिलीपर्यंत वाढवावा, साखर दीड चमचा करावी आणि पुदिना थोडा अधिक घालावा. तयार होणारे पेय तांबूस आणि चविष्ट असेल, मात्र आपल्याला जो हलका, हिरवा ताजेपणा हवा आहे तो त्यात येणार नाही. ओल्ड मंकचीच पांढरी रमही मिळते. ती स्वस्त आहे आणि सरावासाठी चांगली आहे.

आपले गोव्यात येणे-जाणे असेल, तर इथे तयार होणाऱ्या माका झाय आणि सेग्रेडो अल्दिया यांच्या पांढऱ्या रम अवश्य पाहाव्यात. दोन्हींत उसाची चव बऱ्यापैकी जाणवते. काही मंडळी रमऐवजी काजूची फेणी घालून मोहितो करतात. मी फेणीवर मनापासून प्रेम करणारा माणूस आहे, पण फेणीचा वास इतका ठाम असतो की पुदिना त्याच्यापुढे टिकत नाही, म्हणून हा बदल मी सुचवणार नाही. उन्हाळ्यात मिळणारा उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाचे पहिल्या धारेचे सौम्य मद्य, लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून प्यावा. त्याची तीच खरी रीत आहे.

एक व्यावहारिक बाब. भारतातील बहुतेक रम 42.8 टक्के मद्यार्काची असते, म्हणजे 45 मिलीच्या एका पेल्यात साधारण 15 ग्रॅम शुद्ध मद्यार्क जातो. मोहितो सरबतासारखा सहज पोटात जात असल्याने याचा विसर पडतो. साठ मिलीचा पेग सरळ पेल्यात ओतण्याची आपली सवय इथे बाजूला ठेवावी, आणि ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांनी बिनरमचाच पेला घ्यावा. महाराष्ट्रात रमसाठी वयाची अट 25 वर्षे आहे आणि परवानाही लागतो, हे आपल्याला ठाऊक असेलच.

फ्लोरिडाकर:

मी दक्षिण फ्लोरिडात राहतो. मायामीत क्यूबन लोकांची मोठी वस्ती असल्याने मोहितो इथे घराघरांत होतो, आणि त्या अनुभवावरून निवडुंग यांच्या एका मुद्द्याशी मी नम्रपणे असहमत आहे. देठ काढून टाकण्याची गरज नाही. इथले क्यूबन लोक पुदिन्याची कोवळी डहाळी देठासकट पेल्यात उभी घालतात आणि तिच्या खालच्या भागावर हलका दाब देतात. कोवळ्या शेंड्याच्या देठातही सुगंध असतो आणि पाने देठालाच राहिल्यामुळे ती नळीत येत नाहीत. तुरटपणा येतो तो जुन्या, जांभळट आणि दोरीसारख्या चिवट झालेल्या देठांमुळे. ते अवश्य काढावेत. अर्थात, त्यांनी दाबाविषयी जे सांगितले आहे ते शब्दशः खरे आहे.

क्यूबात मोहितोसाठी जो पुदिना वापरतात, त्याला तिथे येर्बा बुएना म्हणतात. तो चवीला सौम्य असतो, त्याची पाने रुंद असतात आणि त्यात मेंथॉलचा गारवा कमी असतो. आपल्याकडच्या गोडसर वासाच्या पुदिन्याने त्याचे काम छान होते. बाजारातल्या जुडीतले दोन-चार सशक्त देठ पाण्यात ठेवले की थोड्याच दिवसांत त्यांना मुळे फुटतात. ते पसरट कुंडीत लावून कुंडी अर्धवट उन्हात ठेवली आणि माती ओलसर राखली, तर पुदिना फोफावतो. मोहितोसाठी पेला भरायला घेतल्यावर शेंडा खुडता आला, तर त्याच्या वासाची बरोबरी फ्रीजमधल्या पुदिन्याला करता येत नाही. शेंडे खुडत राहिल्याने रोप दाटही होते.

बर्फाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. हल्ली सर्वत्र चुरा केलेल्या बर्फाचा मोहितो दिसतो. तो देखणा असतो आणि क्षणात गार होतो, पण चुऱ्याचा पृष्ठभाग फार मोठा असल्याने तो भराभर वितळतो आणि आपल्या उकाड्यात अर्ध्या पेल्यानंतर नुसते पाणीच उरते. हवानातील ला बोदेगिता देल मेदियो या 1942 पासून चालत आलेल्या आणि मोहितोसाठीच जगभर ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी बर्फाचे तुकडे वापरतात. घरीही तुकडेच वापरावेत, फक्त ते मोठे असावेत आणि फ्रीजरमधून थेट पेल्यात पडावेत. चुराच आवडत असेल, तर स्वच्छ जाडसर पंचात बर्फ गुंडाळून बत्त्याने फोडावा. पंचा वितळलेले पाणी शोषून घेतो आणि चुरा कोरडा राहतो. पेला आधी दहा मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवला तर बर्फ आणखी टिकतो.

सोड्याची बाटली लहान घ्यावी आणि ती रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावी. कोमट द्रवातून वायू झपाट्याने निघून जातो, त्यामुळे खोलीच्या तापमानाचा सोडा बर्फावर ओतताच फेस उसळतो आणि पेयात काहीच उरत नाही. एका पेल्याला 60 ते 90 मिली सोडा पुरतो. याहून अधिक घातला की ते लिंबूसोड्यासारखे लागते. काही ठिकाणी वरून अँगोस्टुरा बिटर्स या कडवट, मसालेदार अर्काचे दोन-तीन थेंब टाकतात. त्याने पेयाला मसाल्याचा मंद सुगंध येतो आणि गोडवा थोडा कमी जाणवतो. ज्यांना गोड कमी लागते त्यांना हे आवडेल.

चैत्रपालवी:

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि बारकाईने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. निवडुंग यांनी सांगितलेल्या प्रमाणाने काल संध्याकाळी दोन पेले केले. पाने अखंड ठेवल्यावर पेय इतके स्वच्छ आणि सुगंधी झाले की यजमानांनी लगेच दुसऱ्याची मागणी केली. एका पेल्यात कोवळे देठ ठेवून पाहिले. त्यात कडवटपणा मुळीच आला नाही आणि पाने नळीत न येण्याचा फायदा खरोखरच जाणवला.

आता पुढचा प्रश्न. येत्या शनिवारी आमच्याकडे आठ जण येणार आहेत, त्यांपैकी दोघे मद्य घेत नाहीत. प्रत्येक पेल्यात साखर विरघळवत बसले तर मला पाहुण्यांशी बोलायला वेळच मिळणार नाही. आधी मोठ्या जगमध्ये तयार करून ठेवले तर चालेल का? आणि साखरेऐवजी गुळाचा पाक घातला तर कसे लागेल?

खडीसाखर:

जगमध्ये करता येते, मात्र सगळे साहित्य एकत्र करून ठेवायचे नाही. पुदिना अनेक तास लिंबाच्या रसात राहिला की काळा पडतो, आणि सोडा आधी घातला तर त्याचा जीवच निघून जातो. जगमध्ये फक्त लिंबू, पाक आणि रम एवढेच असावे.

पाक अगदी सोपा आहे. एक वाटी साखर आणि एक वाटी पाणी साखर विरघळेपर्यंतच गरम करावे. तार येऊ द्यायची नाही. हा पाक गाळून निर्जंतुक बाटलीत भरला तर फ्रीजमध्ये दोन आठवडे चांगला राहतो. साखरेच्या 2 चमच्यांऐवजी पेल्याला 15 ते 20 मिली पाक लागतो. सहा पेल्यांसाठी 270 मिली रम, 120 मिली लिंबाचा रस आणि 100 मिली पाक एकत्र करून, जग झाकून दोन-तीन तास फ्रीजमध्ये ठेवावा. कागदी लिंबाचा आकार आणि रस बराच बदलतो, परंतु एका लिंबातून 15 ते 20 मिली रस धरून सर्व आठ पेल्यांसाठी डझनभर लिंबे आणून ठेवावीत. कोणी दुसरा पेला मागेल असे वाटत असेल, तर त्या हिशोबाने दुप्पट घ्यावीत.

पाहुणे आले की प्रत्येक पेल्यात पुदिन्याची डहाळी घालून, जगमधले थोडेसे मिश्रण तिच्यावर ओतून लाटण्याने दाबावे. मग एकूण 80 मिलीच्या आसपास मिश्रण होईल इतके भरून बर्फ आणि सोडा घालावा. एका पेल्याला मिनिटभरही लागत नाही आणि चव नुकत्याच केलेल्या पेयाची राहते. पहिला पेला स्वतः चाखून मगच उरलेले भरावेत, कारण गार झाल्यावर गोडवा कमी जाणवतो आणि जगमध्ये बरोबर वाटलेले मिश्रण पेल्यात आंबट लागू शकते.

गुळाविषयी माझे मत असे, की पिवळाधमक, चांगला कोल्हापुरी गूळ असला तरी त्याची खमंग, किंचित खारट चव पांढऱ्या रमच्या मोहितोत पुदिन्यावर चढते आणि पेयाचा रंगही गढूळ होतो. ओल्ड मंकच्या पेल्यात मात्र गुळाचा पाक उत्तम जुळतो, कारण रमही शेवटी उसाच्या मळीपासूनच बनते आणि दोघांची चव एकमेकांत मिसळून जाते. मला स्वतःला याहून अधिक आवडणारा प्रकार म्हणजे उसाच्या ताज्या रसाचा. क्यूबातही उसाचा रस रमबरोबर घेतात, आणि आपल्या रसवंतीवर लिंबू आणि आले घातलेला रस मिळतच असल्याने अर्धे काम तिथेच झालेले असते. बर्फ न घातलेला 100 मिली रस, 45 मिली पांढरी रम, 15 मिली लिंबाचा रस आणि दाबलेला पुदिना घेतला की साखरही लागत नाही आणि सोड्याचा एक शिडकावा पुरतो. रस आणल्यावर तासाभरात संपवावा. तो लवकर आंबतो.

न घेणाऱ्या दोघांसाठी लिंबू आणि पाक यांचे वेगळे भांडे करावे: 40 मिली रस आणि 40 मिली पाक. रमच्या जागी केवळ सोडा वाढवला तर पेय पातळ लागते, म्हणून त्यांच्या पेल्यात आल्याच्या रसाचा पाव चमचा आणि चिमूटभर मीठ घालावे. त्यामुळे चवीला भरीवपणा येतो. दोन्ही प्रकार दिसायला हुबेहूब सारखे असतात, तेव्हा बिनरमचे पेले निराळ्या आकाराचे घ्यावेत किंवा त्यांच्या कडेला लिंबाची चकती लावावी, म्हणजे वाढताना अदलाबदल होणार नाही.